टालिनमधला तो न ऐकू आलेला टोल

खरं सांगायचं तर एस्टोनियाच्या राजधानीत, टालिनला, मी जुनं शहर बघायला गेलोच नव्हतो, तिथलाच संगीतकार आर्वो पार्ट, त्याची 'कान्टुस' ही रचना एकदा तरी दगडी चर्चमध्ये बसून ऐकायची होती, हेडफोनवर ऐकून ऐकून पाठ झालेली. आदल्या दिवशी लाउलास्मालाही जाऊन आलो, ३५ एक किमी असेल, पाइनच्या जंगलात २०१८ला उघडलेलं पार्ट सेंटर आहे तिथे. इतकं शांत की आपल्याच जॅकेटची चेन मोठ्याने ऐकू येते.

कॉन्सर्टला मात्र उशीर केला (रस्ता चुकलो, दुसरं काय) आणि मिळाली ती जागा पार शेवटी, खांबाच्या मागे. ऑर्केस्ट्रा दिसेचना. जाम वैतागलो.

इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन डिसेंबर १९७६ मध्ये गेला, त्याच्या आठवणीत १९७७ला पार्टने हे लिहिलं. सहा-एक मिनिटं, फक्त तंतुवाद्यं आणि एक घंटा. आधी घंटेचे तीन हळू टोल, मग व्हायोलिन ए मायनर या स्केलची उतरण (अवरोह) सुरू करतात, तीच उतरण त्यांच्या खालच्या सुरातली वाद्यं निम्म्या लयीत, त्यांच्या खालची त्याच्याही निम्म्या, असं करत सगळ्यात खर्जातल्या डबल बेसपर्यंत येता येता लय सोळापट संथ झालेली असते. खरा एको नुसता बारीक होत जातो, लय काही सोडत नाही, इथे मात्र प्रत्येक एको आधीच्यापेक्षा दमून येतो. त्यात चर्चचं स्वतःचं घुमणं वेगळंच. समोर १७ मीटरवर एकच सपाट भिंत असेल तर आवाज ०.१ सेकंदात परत येतो आणि वेगळा कळतो, पण कमानी, खांब, कोनाडे सगळीकडून तो आपटत आला की कुठला कुठून आला काही पत्ता लागत नाही, नुसता नाद भरून राहतो. आणि खांबामागे थेट आवाज कमी, घुमणारा जास्त! म्हणजे जागा बेस्टच होती की.

शेवटी सगळे मिळून एकच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरून ठेवतात, जोरात, आणि त्या गदारोळात घंटेवर एक अगदी हलका टोल पडतो. तो ऐकूच येत नाही. तंतुवाद्यं एकदम थांबतात तेव्हा कळतं की घंटा कधीपासून वाजतेय. आणि गंमत म्हणजे इतका वेळ (ए ला सा मानलं तर) कोमल गंधार, पण घंटेच्या नादात आतून शुद्ध गंधार निघतो. हेडफोनवर हे मला कधी जाणवलंच नव्हतं, रेकॉर्डिंग संपलं की मी लगेच पुढचं लावायचो.

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी टाळीसाठी हात उचलले होते, ते तसेच हवेत राहिले.