ग्रिडवर १००० बूटस्ट्रॅप रन: माझा अनुभव

नॉनमेम या सॉफ्टवेअरमध्ये पॉप्युलेशन फार्माकोकायनेटिक मॉडेल (अनेक रुग्णांच्या शरीरात औषध कसं पसरतं आणि बाहेर पडतं याचं गणित) एकदाचं बसलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: क्लिअरन्सचा, म्हणजे शरीर औषध किती वेगाने बाहेर टाकतं त्याचा, आकडा आला खरा, पण तो किती खात्रीचा? त्यासाठी बूटस्ट्रॅप. मूळ रुग्णांच्या चिठ्ठ्या काढायच्या, काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची, रुग्णसंख्या पूर्ण झाली की तेच मॉडेल नव्याने बसवायचं. असं १००० वेळा. एक रन २० मिनिटांचा धरला तर २०,००० मिनिटं होतात, म्हणजे एका कोअरवर (प्रोसेसरच्या एका गाभ्यावर) जवळजवळ १४ दिवस. ६० कोअर मिळाले तर कागदावर १७ फेऱ्या, ५ तास ४० मिनिटं. कागदावरची ही वेळ मला कधीच गाठता आली नाही. पण खरी अडचण वेळेची नव्हतीच, उत्तर चुकण्याची होती.

हे काम ग्रिडला, म्हणजे विखुरलेल्या अनेक यंत्रांच्या जाळ्याला, शोभतं, कारण १००० रनपैकी एकालाही दुसऱ्याशी बोलावं लागत नाही. एकच लांबलचक रन लवकर संपवायचा असेल तर मात्र ग्रिडचा उपयोग नाही. नॉनमेमची स्वतःची समांतर सोय रुग्णांची विभागणी करते आणि तिला जवळजवळचे कोअर लागतात. ते क्लस्टरचं, म्हणजे एकत्र बांधलेल्या यंत्रांचं, काम. ग्रिडसाठी मी वापरलं ते एचटीकॉन्डॉर, यंत्रांना कामं वाटणारं सॉफ्टवेअर. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातलं हे काम १९८८ पासूनचं, २०१२ पर्यंत नाव नुसतं कॉन्डॉर होतं, आणि रिकाम्या बसलेल्या डेस्कटॉपकडून काम करून घेणं हा त्याचा मूळ पिंड. काही कायमचे सर्व्हर आणि संध्याकाळनंतर मोकळे होणारे डेस्कटॉप, असा मिश्र ताफा त्यावर चालतो.

पहिला निर्णय चिठ्ठ्या कुठे काढायच्या हा. प्रत्येक यंत्राने स्वतःच्या सीडवर (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते त्या आकड्यावर) काढल्या तर एखादं काम दुसऱ्या यंत्रावर पुन्हा पाठवताना तोच नमुना मिळेल याची खात्री राहत नाही. मी सगळ्या चिठ्ठ्या एकाच यंत्रावर, एका सीडने, आधीच काढतो. निघते ती १००० ओळींची एक फाइल: दर ओळीत त्या रनसाठी निवडलेल्या रुग्णांचे क्रमांक. ग्रिडवर मूळ डेटा, ही फाइल आणि ओळीचा क्रमांक एवढंच जातं. डेटासेट तिथेच तयार होतो. तो करताना रुग्णांना १ पासून नवे क्रमांक द्यायचे, हे विसरू नका. एकच रुग्ण लागोपाठ दोनदा निघाला आणि क्रमांक तोच राहिला तर नॉनमेम दोघांना एकच माणूस समजतं, वेळ मागे गेली म्हणून ओरडतं आणि थांबतं. ओरडलं तर नशीब म्हणायचं. मॉडेलमध्ये वगळलेल्या नोंदीही चिठ्ठ्यांच्या आधीच काढून टाकायच्या, आणि दोन-तीन अभ्यास एकत्र केले असतील तर प्रत्येकातून वेगळ्या चिठ्ठ्या काढायच्या.

नॉनमेमला सूचना देणाऱ्या कंट्रोल फाइलमधून कोव्हेरियन्सची (अंदाजांची अनिश्चितता मोजणारी) पायरी आणि टेबलं काढली. बूटस्ट्रॅपला त्यांची गरज नसते आणि कोव्हेरियन्स बराच वेळ खाते.

नॉनमेम दर रनला फोरट्रान कोड तयार करून कंपाइल करतं, तेव्हा कंपायलर सगळीकडे सारखाच हवा. आम्ही ॲपटेनरचा कंटेनर (सगळीकडे जसंच्या तसं चालणारं सॉफ्टवेअरचं गाठोडं) बनवला: एकच जीफोरट्रान कंपायलर, एकच नॉनमेम. प्रोसेसरनुसार बदलणारे कंपायलरचे पर्याय बंद. तरीही निरनिराळ्या प्रोसेसरवर शेवटचे दशांश हलतात, आणि काठावरचं मॉडेल एका यंत्रावर यशस्वी होतं, दुसऱ्यावर थांबतं. म्हणून आधी तेच २० रन प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर चालवून ऑब्जेक्टिव्ह फंक्शन (मॉडेल डेटाला किती जुळतं त्याचा आकडा) ताडून पाहिलं. ०.०१ पेक्षा जास्त फरक दिसला तर मी ग्रिड बाजूला ठेवतो आणि मॉडेलकडे वळतो. ही मर्यादा माझी, नियम नव्हे. परवान्यात किती यंत्रं बसतात, तेही याच टप्प्यावर वाचून घ्यावं.

कॉन्डॉरला काम सोपवणारी सबमिट फाइल लहानच असते. एक कोअर मागायचा. मेमरी अंदाजाने नाही मागायची: पाच रन पाठवायचे, लॉगमध्ये प्रत्यक्ष वापर बघायचा आणि त्याच्या दीडपट मागायचं. कमी मागितली तर कामं होल्डवर जातात (अडवून ठेवली जातात), फार मागितली तर बसण्यासारखी यंत्रंच उरत नाहीत. रन अर्ध्या मिनिटाचे असतील तर ४० रनचं एक काम करा, नाहीतर निम्मा वेळ यंत्र शोधण्यात आणि फाइली हलवण्यात जातो. काम एका ठिकाणी २० ते ४० मिनिटं चालावं, हे मला बरं पडलं. हायपरथ्रेड (एका कोअरचे दोन भासवणारी सोय) कोअर म्हणून मोजू नयेत. या गणितात त्यांचा फायदा तुटपुंजा आणि मेमरीची मागणी मात्र दुप्पट. काम तासभर रांगेतच दिसलं तर कॉन्डॉर-क्यू या आज्ञेला बेटर-ॲनलाइझ हा पर्याय लावून विचारावं. बहुतेक वेळा अटींमधल्या एखाद्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं आणि ती अट कुठलंच यंत्र पुरी करत नसतं.

प्रत्येक रनला स्वतंत्र फोल्डर हवं. दोन रन एकाच फोल्डरमध्ये चालले तर ते एकमेकांच्या तात्पुरत्या फाइली पुसतात, आणि जे आकडे येतात ते दिसायला अगदी सभ्य असतात. कॉन्डॉर प्रत्येक कामाला वेगळी जागा देतं. पण एका कामात ४० रन घातले की ही जबाबदारी तुमच्या स्क्रिप्टची.

आता त्या चुकणाऱ्या उत्तराबद्दल. रन दोन तऱ्हेने फसतो. यंत्र बंद पडलं, डिस्क भरली, डेस्कटॉपचा मालक परत आला म्हणून काम हाकललं गेलं: हे यंत्राचं अपयश, आणि ते काम बिनधास्त पुन्हा पाठवायचं. मिनिमायझेशन (सर्वांत जुळणाऱ्या आकड्यांचा शोध) मध्येच थांबलं, राउंडिंग एरर आली: हे मॉडेलचं अपयश, आणि तो एक निकाल आहे. ‘जमेपर्यंत पुन्हा’ अशी सूचना ग्रिडला दिली तर ती दोन्ही एकाच मापाने मोजते. म्हणून माझी स्क्रिप्ट नॉनमेमच्या लिस्ट फाइलमध्ये शेवटचा संदेश शोधते. यशाचा असो की अपयशाचा, तो सापडला की बाहेर पडताना स्क्रिप्ट ग्रिडला शून्य कळवते, सापडलाच नाही तर एक. पुन्हा पाठवणं फक्त एकवर.

यापुढचा घोळ जास्त बेरकी आहे. डेस्कटॉपवरून हाकललेलं काम शून्यापासून सुरू होतं. २० मिनिटांच्या रनला त्याची झळ नाही. पण काही नमुने असे निघतात की मॉडेल धडपडत राहतं आणि रन तीन तास चालतो. तो दर वेळी हाकलला जातो. सकाळी ९६० रन हातात असतात, ४० उरलेले असतात, आणि ‘९६० पुरेत’ म्हणायचा मोह होतो. हे ४० योगायोगाने मागे राहिलेले नसतात. समजा ते सगळे एखाद्या पॅरामीटरच्या वरच्या टोकाचे असतील, तर खात्रीच्या पट्ट्याची वरची कड, म्हणजे ९६० मधला ९७.५ वा शतमक (९७.५ टक्के आकडे ज्याच्या खाली येतात तो), हा ९३६ वा आकडा, आणि पूर्ण हजारात ती जागा ९३.६ टक्क्यांची. खात्रीची मर्यादा गुपचूप अरुंद झाली. दोन तासांनी रन मारून टाकणारी वेळमर्यादाही हेच करते.

उपाय सोपा आहे. कॉन्डॉर प्रत्येक काम किती वेळा सुरू झालं ते मोजतं. मी अट घालतो: तीनदा सुरू झालेलं काम यापुढे फक्त कायमच्या सर्व्हरवर. त्यासाठी थोडे कोअर रात्रभर राखून ठेवावे लागतात, आणि ते रिकामे दिसले की कोणीतरी तक्रार करतंच.

निकाल गोळा करताना प्रत्येक रनच्या ईएक्सटी या नॉनमेमच्या निकालाच्या फाइलमधली उणे १००००००००० क्रमांकाची ओळ उचलायची. अंतिम पॅरामीटर तिथे असतात. शेजारी चिठ्ठीच्या ओळीचा क्रमांक, यंत्राचं नाव, कंटेनर आणि डेटाचा चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा), एकूण वेळ आणि शेवटचा संदेश. मग हजारच्या हजार ओळी आहेत ना ते मोजायचं, आणि मर्यादा दोनदा काढायच्या: एकदा सगळ्या रनवरून, एकदा फक्त यशस्वी रनवरून. दोन्हींत ठळक फरक असेल तर अहवालात दोन्ही जातात.