तुम्ही विचारलंत म्हणून : एकटीच्या प्रवासात सायकल पंक्चर झाली तर?

रविवारी पहाटे मी धुळ्याहून सायकल घेऊन बाहेर पडते, कधी लळिंगकडे, कधी पारोळ्याच्या रस्त्याने, तर कधी सोनगीरच्या पुढे तापीच्या दिशेने, हे आता शाळेत आणि गल्लीत सर्वांना ठाऊक झाले आहे. त्यामुळे एक प्रश्न मला सतत विचारला जातो : "मॅडम, तुम्ही एकट्या जाता, मध्येच सायकल पंक्चर झाली तर काय करता?" घाईत असले की मी "काढते" एवढेच सांगते आणि पुढे जाते. परंतु विचारणाऱ्या कित्येक जणींना स्वतः लांब जायचे असते आणि या एका भीतीपायी त्यांची सायकल गावाच्या वेशीपाशीच थांबते, हे लक्षात आल्यापासून या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवे असे वाटू लागले.

आधी आपल्याकडे सायकल कशाने पंक्चर होते ते पाहू, कारण तयारी त्यावरच ठरते. खानदेशात पहिला मान सराट्याचा, म्हणजे गोखरूचा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या साइडपट्टीवर ही वेल जमिनीला चिकटून पसरते, तिला नाजूक पिवळी फुले येतात, आणि दिवाळीनंतर ती वाळली की तिची फळे फुटून टणक, काटेरी बोंडे मातीत विखुरतात. त्या बोंडाची ठेवणच अशी असते की ते कसेही पडले तरी एखादा काटा वर राहतोच. म्हणून ट्रक आला तरी, शक्य तोवर, मी डांबराची कड सोडत नाही. आणि साइडपट्टीवर उतरावेच लागले तर सायकलवरून उतरून, ती उचलून पुन्हा डांबरावर ठेवते आणि दोन्ही टायरांवरून हातमोजा घातलेला हात फिरवते. नुकताच चिकटलेला सराटा त्या वेळी निघून जातो. तोच आणखी शंभर फेरे फिरला तर ट्यूबपर्यंत पोहोचतो. वेड्या बाभळीचा काटा याहून लांब आणि सरळ आत जाणारा असतो. उन्हाळ्यात बांध साफ होतात, तोडलेल्या फांद्या बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून कुंपणासाठी नेल्या जातात, आणि त्या दिवसांत शेतांकडे वळणाऱ्या प्रत्येक फाट्यावर मी नजर खाली ठेवूनच सायकल चालवते.

महामार्गावरचा शत्रू वेगळा. मुंबई–आग्रा रस्त्यावर ट्रकचे फुटलेले टायर कडेला पडलेले असतात. त्यांच्या आत पोलादी तारांची जाळी असते आणि रबर झिजले की केसासारख्या बारीक तारा सुट्या होऊन रस्त्यावर पसरतात. ही तार टायरमध्ये शिरली तर बाहेरून दिसत नाही, बोटालाही लवकर लागत नाही. मला सर्वांत महागात पडलेला धडा तिनेच दिला.

सात-आठ वर्षांपूर्वीची, थंडीच्या दिवसांतली गोष्ट आहे. सोनगीर मागे टाकून नरडाण्याच्या दिशेने निघाले होते आणि मागचे चाक बसले. माझ्याजवळ एक जादा ट्यूब होती आणि ती बदलायची कशी हे मला येत होते, म्हणून मी निर्धास्त होते. टायर काढला, नवी ट्यूब घातली, हवा भरली आणि निघाले. दोन किलोमीटरही गेले नसेन, तोच चाक पुन्हा बसले. आता ट्यूब नव्हती, ठिगळे होती पण ती चिकटवायच्या सोल्यूशनची नळी उघडल्यावर आत सुकलेला गोळा निघाला. सायकल ढकलत बरेच चालल्यावर लिंबाच्या फांदीला जुना टायर टांगलेले एक दुकान दिसले. दुकानातल्या वयस्क माणसाने विचारले, "काय व्हयनं ताई?" मी सांगितले तसे त्यांनी ट्यूबला हात न लावता आधी टायर मागितला. मग उठून रस्त्याकडेच्या बाभळीवर, कापसाच्या गाड्यांतून उडून अडकलेला कापूस चिमूटभर काढून आणला आणि तो टायरच्या आतून सावकाश फिरवला. एका जागी कापसाचे धागे अडकले. तिथे नखाएवढीही नसलेली तार होती. ती त्यांनी चिमट्याने ओढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "पहिले काटा दखा, मंग ट्यूब टाका."

तुमच्या प्रश्नाचे माझे खरे उत्तर हेच आहे. पिशवीत काय ठेवावे हे कोणीही सांगेल, परंतु जे टोचले ते सापडेपर्यंत नवी ट्यूब घालायची नाही, ही शिस्त ज्याला लागली त्याची तयारी पूर्ण झाली असे मी मानते. तेव्हापासून माझ्या पिशवीत कापसाचा एक बोळा कायम असतो.

शोध सोपा व्हावा म्हणून एक गोष्ट घरीच करून ठेवावी लागते. टायर बसवताना त्यावरचे कंपनीचे नाव नेहमी वॉल्व्हच्या, म्हणजे हवा भरायच्या तोंडाच्या, अगदी शेजारी आणावे. मग रस्त्यात ट्यूब काढून तिच्यात थोडी हवा भरली, गालाजवळ किंवा ओठांजवळ फिरवून गळती सापडवली, की वॉल्व्हपासून ते भोक किती अंतरावर आहे ते मोजून टायरची नेमकी तेवढीच जागा तपासता येते. ट्यूब कोणत्या बाजूने बसली होती हे मात्र लक्षात ठेवावे, नाही तर दोन जागा तपासाव्या लागतात. भोकाची जागाही बरेच सांगते. ते रस्त्याकडच्या बाजूला असेल तर काटा, तार किंवा काच. आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर टायरमध्ये काही सापडणार नाही. रिमवरची पट्टी सरकलेली असते आणि आऱ्याच्या टोकाने किंवा त्याच्या भोकाच्या कडेने ट्यूब कापलेली असते. आणि शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर दोष काट्याचा नसून हवेचा आहे. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटले की ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटते आणि सापाने डसल्यासारख्या दोन खुणा उमटतात.

हवेबद्दल आपल्याकडे एक समज फार पक्का आहे : मे महिन्यात, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो आणि आपल्या धुळ्यातही डांबर मऊ होते, तेव्हा हवा कमी भरावी, नाही तर ट्यूब फुटते. हे मला पटत नाही आणि त्याचा हिशेब करता येतो. पहाटे 25 अंशांना 60 पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) हवा भरली आणि टायरमधली हवा 45 अंशांपर्यंत तापली तर दाब साधारण पाच पीएसआयने वाढतो. टायर धड असेल तर एवढी वाढ तो सहज पेलतो. उलट भीतीने पंधरा-वीस पीएसआय कमी हवा भरणारा माणूस खड्ड्यांच्या रस्त्यावर ट्यूब चिमटण्याला आमंत्रण देतो. टायरच्या बाजूवर दाबाची मर्यादा छापलेली असते. तिच्या आत राहून, स्वतःचे वजन आणि सामान पाहून हवा ठरवावी आणि निघण्याच्या दिवशी दाब मोजणाऱ्या पंपानेच भरावी. माझ्या 35 मिलिमीटर रुंदीच्या टायरांत मी पुढे 50 आणि मागे 60 च्या आसपास ठेवते. उन्हाळा खरा बाधतो तो सोल्यूशनला. एकदा उघडलेली नळी झाकण लावूनही हळूहळू सुकते, म्हणून मी लहान नळ्या घेते, एक न उघडलेली नेहमी जवळ ठेवते आणि दर उन्हाळ्यात ती बदलते. नुसती चिकटवायची तयार ठिगळेही मिळतात. ती घरी पोहोचण्यापुरती ठीक आहेत, पण कायमचे काम म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास नाही.

पिशवीतल्या बाकीच्या वस्तू थोड्या आहेत : दोन जादा ट्यूब, जुन्या मोज्यात गुंडाळलेल्या, म्हणजे अवजारांवर घासून त्यांनाच भोक पडत नाही, टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या तीन पट्ट्या, कारण लोखंडी पट्टी ट्यूबही फाडते, छोटा हातपंप, ठिगळे, पॉलिश पेपर, चिमटा, आणि जुन्या टायरचा बोटभर लांबीचा तुकडा. टायरची बाजूच चिरली गेली तर ट्यूब त्या चिरेतून फुग्यासारखी बाहेर येते, तेव्हा हा तुकडा आतून अस्तरासारखा लावला की घरापर्यंत येता येते. चाक नटांनी बसवलेले असेल तर त्या मापाचा पाना, बहुधा 15 मिलिमीटरचा, विसरू नये. बाकी सर्व असून पान्याअभावी चाकच निघाले नाही, अशी वेळ आलेली मी पाहिली आहे. ट्यूब विकत घेताना टायरच्या बाजूवर छापलेले माप वाचावे. आपली पारंपरिक 28 इंची सायकल आणि नव्या सायकलींचे 700 मापाचे चाक जवळपास सारखे दिसते, पण पहिल्याची रिम 635 मिलिमीटरची आणि दुसऱ्याची 622 ची असते. टायर एकमेकांना चालत नाहीत.

वॉल्व्हचा प्रश्न गावाकडे हमखास येतो. फाट्यावरच्या दुकानातला पंप साध्या सायकलच्या वॉल्व्हचा किंवा मोटारसायकलच्या वॉल्व्हचा असतो. महागड्या सायकलींना असतो तो बारीक, डोक्यावर नट असलेला प्रेस्टा वॉल्व्ह त्यात बसत नाही. एक छोटे पितळी अडॅप्टर वॉल्व्हवर फिरवून ठेवले की हा प्रश्न मिटतो. मात्र पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने हवा भरताना थांबत-थांबत भरावी, कारण सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते फार थोडी आणि त्या यंत्राचा जोर मोठ्या चाकांसाठी असतो.

आता हाताचे काम. हवेचे टायर 1888 साली डनलॉपने बनवले तेव्हा ते रिमला चिकटवलेले असत आणि एक पंक्चर काढायला तास न्‌ तास जात. सहज काढता-घालता येणारे टायर 1891 मध्ये मिशेलिन बंधूंनी आणले. त्या सोयीचा फायदा मात्र सराव असेल तरच मिळतो. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. टायरची कड चहूकडून त्यात ढकलली की समोरच्या बाजूला ढील मिळते आणि पट्टीने कड अलगद वर येते. बसवतानाही हेच, फक्त शेवट वॉल्व्हपाशी करावा आणि शेवटचा भाग पट्टीने न रेटता अंगठ्यांनीच चढवावा. मग वॉल्व्ह एकदा आत ढकलून ओढून घ्यावा, दोन्ही बाजूंनी टायर दाबून ट्यूब कुठे कडेखाली अडकलेली नाही ना ते पाहावे, आणि त्यानंतरच पूर्ण हवा भरावी. ठिगळ लावायचे असेल तर जागा पॉलिश पेपरने घासून, सोल्यूशन पातळ पसरून, ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत पाच मिनिटे थांबावे. बहुतेकांची ठिगळे निघतात ती याच पाच मिनिटांच्या अधीरतेने.

हे सर्व पहिल्यांदा रस्त्यावर करू नका. घरी, ओसरीवर बसून, न पंक्चर झालेले मागचे चाक चार वेळा काढा आणि घाला. पहिल्या वेळी मला पाऊण तास लागला होता, आता पंधरा मिनिटे लागतात. ज्यांना 200 किलोमीटरच्या ब्रेव्हे प्रवासात, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरा करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, भाग घ्यायचा आहे त्यांना साडेतेरा तासांची मुदत असते आणि वाटेतली दुरुस्ती स्वतःच करायची असते. तिथे हा सराव वेळेच्या हिशेबातही येतो.

एकटीने जाणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारण्यामागे आणखी एक काळजी असते, आणि ती रास्त आहे. म्हणून चाक बसले तरी मी आहे तिथेच थांबत नाही. हवा गेलेल्या चाकावर न बसता सायकल ढकलत बसथांबा, टपरी किंवा लोक काम करत असलेले शेत गाठते, रस्त्यापासून दूर उभी राहते, घरी फोन करून ठिकाण सांगते, आणि मग चाकाला हात घालते. मदतीला कोणी ना कोणी येतेच. पाणी विचारले जाते, सावलीत बसा म्हटले जाते. काम येत असले की ही माणुसकी संकोचाशिवाय स्वीकारता येते, हा माझा अनुभव आहे.

आमच्या शाळेत खेड्यांतून सायकलने येणाऱ्या मुली आहेत. पंक्चर झाले की त्यांचा एक दिवस, कधी दोन दिवस बुडतात, कारण गावात दुकान नसते आणि वडील शेतात असतात. गेल्या वर्षापासून शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्यापैकी काही जणी थांबतात. परातीत पाणी घेऊन बुडबुडे शोधायला त्यांना शिकवले, कापूस फिरवायला शिकवले. एकीने मागच्या महिन्यात तिच्या टायरमधून निघालेला सराटा कागदात बांधून मला दाखवायला आणला होता.

प्रवासात वापरलेली ट्यूब मी त्याच रात्री दुरुस्त करते. दमून आले की तो कंटाळा येतोच, पण मोज्यात भोक पडलेली ट्यूब तशीच राहिली तर पुढच्या रविवारी तीच हाताशी येते. ठिगळ लावून, हवा भरून ती रात्रभर खुंटीला टांगते आणि सकाळी हवा तेवढीच असेल तर गुंडाळून पिशवीत परत ठेवते.