तुम्ही विचारलंत म्हणून: वॉल्टनचं कौतुक का?

"स्वतःचं दुकान गेलं, आणि तुम्ही त्या वॉलमार्टवाल्याचं गुणगान गाता?" जुनी गिऱ्हाइकं विचारतात, मेहुणे विचारतात. एकदाच सांगतो.

गुणगान वॉलमार्टचं, त्या अवाढव्य अमेरिकी दुकानसाखळीचं, नाही. मी सांगतो ती ती साखळी काढणाऱ्या सॅम वॉल्टनची, पण १९५० सालची गोष्ट. सैन्यातून सुटून त्याने १९४५ मध्ये आर्कान्सातल्या न्यूपोर्टला बेन फ्रँकलिन साखळीतलं दुकान घेतलं. पदरचे ५,००० डॉलर, सासऱ्यांकडून उसने २०,०००. वर्षाची ७२,००० ची विक्री पाच वर्षांत अडीच लाखांवर नेली. दारात पॉपकॉर्नचं यंत्र मांडलं, मग १,८०० डॉलर कर्ज काढून आइस्क्रीमचं. आणि भाडेकरार संपला. मुदत वाढवण्याचं कलम त्यात नव्हतंच, सही करताना त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. जागामालकाला दुकान मुलासाठी हवं होतं.

माझा गाळा एस.टी. स्टँडसमोर होता. कटलरी-स्टेशनरी. एकोणीस वर्षं अकरा-अकरा महिन्यांचे करार, शेवटी तर नुसत्या शब्दावर. मे महिना होता, वह्यांचे गठ्ठे नुकतेच उतरवले होते. मालक आले, चहा घेतला, कपबशी काउंटरवर ठेवून म्हणाले, "धाकट्याला बसवायचंय. पावसाच्या आत मोकळं करा." मी म्हणालो, "बरं, काका." बस, एवढंच. शाळा सुरू होईपर्यंत तरी थांबा, हेसुद्धा तोंडातून निघालं नाही. वह्या पडत्या भावात दिल्या. फळ्या काढल्या तेव्हा त्यांच्यामागे जुन्या हिरव्या रंगाचे पट्टे तसेच होते. हिने गल्ल्याचा लाकडी खण तेवढा घरी आणला, त्यात आता माझी औषधं असतात.

चूक माझी होती का? होती. कागद करून घ्यायला हवा होता. पण एकोणीस वर्षं ज्यांच्या घरी दिवाळीचा फराळ पोचवला, त्यांच्याकडे कागद कसा मागायचा?

पूर्वी मी पोरांना सांगायचो, हिंमत असली की सगळं पुन्हा उभं राहतं. होम डेपो ही घरदुरुस्तीच्या सामानाची अमेरिकी साखळी उभारणाऱ्या मार्कस आणि ब्लँकना १९७८ मध्ये आधीच्या नोकरीवरून काढलं, १९७९ मध्ये त्यांनी अटलांटात स्वतःची दुकानं उघडली. वॉल्टन बेंटनव्हिल गावी गेला, १९६२ मध्ये रॉजर्स गावात त्याचं पहिलं वॉलमार्ट निघालं. सगळं खरं, पण मी अर्धंच सांगत होतो. बेंटनव्हिलला त्याला शेजारची न्हाव्याची जागाही हवी होती. ती ९९ वर्षांच्या कराराने मिळाली, आणि ती बोलणी सासऱ्यांनी केली. माझे सासरे गिरणीत होते. माझ्यात हिंमत कमी होती, असं मी आता मानत नाही. काही रात्री मानतोही.

१९६९ मध्ये वॉल्टन वॉलमार्ट घेऊन न्यूपोर्टला परत आला आणि पुढे त्या मालकाच्या मुलाचं दुकान बंद पडलं. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आणि गावोगावच्या बाकीच्या दुकानदारांनी त्याचं काय वाकडं केलं होतं?"

तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. मालकांच्या धाकट्याचं दुकान चालू आहे. स्टँडवर उतरलो की मी पलीकडच्या बाजूने जातो.