एनआयएसएमची परीक्षा: अभ्यास बरा, पॅनवरच्या नावानं छळलं

म्युच्युअल फंड विकायचे, ब्रोकरकडे डीलर व्हायचं की फी घेऊन सल्ला द्यायचा, हे ठरल्याशिवाय एनआयएसएमच्या (शेअर बाजारातल्या कामांसाठी प्रमाणपत्र परीक्षा घेणारी सेबीची संस्था) एकाही परीक्षेचे पैसे भरू नका. क्लासवाले 'आधी सोपी काढून टाका' म्हणतात. प्रमाणपत्र तीनच वर्षं चालतं. काम दुसऱ्याच टेबलावर मिळालं तर ते नुसतं फायलीत पडून राहतं.

फंड वितरणाला सिरीज ५-ए: १०० प्रश्न, दोन तास, ५० गुणांना पास, चुकीला गुण कापत नाहीत. ती झाली की फंड कंपन्यांची संघटना असलेल्या अ‍ॅम्फीकडून एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, घ्यायचा. एफअँडओच्या (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) टर्मिनलवर बसायचं तर सिरीज ८, रिसर्चसाठी १५. या दोन्हींना ६० टक्के लागतात आणि चुकलं की त्या प्रश्नाचे पाव गुण जातात. सिरीज ८ मध्ये १०० पैकी ८० प्रश्न सोडवले, ६२ बरोबर, १८ चूक, तर हाती ५७.५, म्हणजे नापास. त्याच १८ पैकी १२ कोरे सोडले तर ६०.५ होतात. सल्लागाराला १०-ए आणि १०-बी दोन्ही द्याव्या लागतात, प्रत्येकी १५० गुण आणि तीन तास.

आता पॅन. नोंदणीतलं नाव आणि जन्मतारीख आयकर खात्याच्या नोंदीशी जुळली नाही, तर पास होऊनही प्रमाणपत्र अडकतं. आणि 'कार्डावर आहे तसंच टाकलंय' हे पुरेसं नाही! पॅनच्या अर्जात पूर्ण नाव वेगळं आणि कार्डावर छापायचं नाव वेगळं असतं. पडताळणी पूर्ण नावाशी होते. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करता 'व्हेरिफाय पॅन' आहे. पॅन, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल टाका, ओटीपी द्या, जुळतं की नाही ते तिथेच कळतं. परीक्षेची फी त्यानंतर.

आपल्याकडच्या बायकांचं तर विचारूच नका. पदवीवर मधलं नाव वडिलांचं, आधारवर नवऱ्याचं, पॅनवर माहेरचं आडनाव. माझंही असंच होतं. ज्या केंद्रात दुरुस्तीचा अर्ज भरून घेतला, तिथल्या माणसानं नवं नाव टाइप केलं, पण त्या ओळीच्या डाव्या कडेला जो छोटा चौकोन असतो त्यात खूणच केली नाही. खूण नसेल तर समोर काहीही लिहा, तो बदल धरला जात नाही. नवं कोरं कार्ड आलं, जुन्याच नावाचं. केंद्राचं म्हणणं, 'मॅडम, पुन्हा अर्ज करा, पुन्हा फी भरा.' अजून राग येतो.

म्हणून पावतीवर सही करण्याआधी तो चौकोन स्वतः बघा. वडिलांच्या नावाच्या रकान्यात वडिलांचंच नाव हवं. लग्न झालं तरी तिथे नवऱ्याचं चालत नाही. नावबदलाला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली सूचना लावा. पॅन क्रमांक तोच राहतो, त्यामुळे बँक आणि डीमॅट खात्यांना नवा नंबर कळवायची भानगड नाही. नाव मात्र तिथेही बदलून घ्यावं लागतं.

हे आधी सांगायला हवं होतं: एनआयएसएमची वर्कबुकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, क्लासच्या नोट्स विकत घेऊ नका. आवृत्ती मात्र चालू आहे ना ते बघा, कर आणि नियमांवरचे प्रश्न त्यातूनच येतात. सल्लागार किंवा रिसर्चकडे जाणाऱ्यांनी डिसेंबर २०२४ मधले सेबीचे बदल वाचावेत; अनुभवाची अट तेव्हा गेली आणि नेटवर्थच्या (मालमत्ता वजा देणी) अटीऐवजी ठेवीची अट आली. ५-ए वाल्यांना मुदत संपण्याआधी सीपीई, म्हणजे उजळणीचं प्रशिक्षण, केलं तर परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. तारीख उलटली की मात्र पुन्हा बसावं लागतं.