पान झोपलंय की मान टाकलीय?

गडग्याच्या कडेला माजलेला टाकळा तिन्हीसांजेला बघा. दिवसभर पसरलेल्या पर्णिका जोडीजोडीने मिटलेल्या दिसतील. चिंच, शिरीष, आंबोशी यांचंही तेच, फक्त तऱ्हा निराळी. आंबोशीच्या तीन पर्णिका छत्री मिटावी तशा खाली लोंबतात, चिंचेच्या पर्णिका पुढे सरकून एकमेकींवर बसतात.

रात्री पान किती कोनात झुकतं, म्हणजेच त्याची ही झोप, मोजायला मात्र चवळी घ्या. लाजाळू नको. खारा वारा सुटला की ती धक्क्यानेच मिटते, मग झोपेची हालचाल कुठली ते कळत नाही.

सहा इंची कुंडीत चार दाणे टोचा आणि उगवल्यावर एकच जोमदार रोप ठेवा. पहिली समोरासमोरची दोन साधी पानं पुरती उलगडली की कुंडी पडवीत, वारा नि पागोळ्या लागणार नाहीत अशी ठेवा. मागे पांढरा पुठ्ठा लावा. मोबाईल पानाच्या पातळीत, बाजूने रोखा. वरून काढलेल्या फोटोत कोन दिसतच नाही. दर १० मिनिटांनी एक फोटो, म्हणजे ४८ तासांत २८८. रोप वाढतं, तेव्हा चौकटीत वर जागा सोडा. रात्री फ्लॅश नको, लाल दिवाही नको: पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य लाल उजेड ओळखतं. टॉर्चला हिरवा जिलेटिन कागद बांधून मंद उजेड तेवढा द्या.

पातं देठाला जिथे जुळतं तिथे बारीकसा फुगीर सांधा असतो, त्याला पुल्व्हिनस म्हणतात. सगळी करामत त्याची. सांध्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं, ती बाजू सैल पडते. समोरची फुगते आणि पातं वळतं.

इथेच गफलत होते. पाण्यावाचून मलूल झालेलं पानही खालीच झुकतं. पातं चिमटीत धरून बघा: झोपलेलं पान ताठ असतं, सुकलेलं लुळं, आणि त्याचा देठही ढिला. भर दुपारी चवळी पानांची कड उन्हाकडे करते, तीही झोप नव्हे. ऊन टाळायची युक्ती आहे. म्हणून नोंदीत वेळेसोबत ऊन, पाऊस नि पाणी घातल्याची वेळ लिहाच.

पान मिटण्या-उघडण्याचं घड्याळ आतलं की उजेडाचं, हे बघायचं तर कुंडी दोन दिवस बंद कपाटात ठेवा. द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७२९ मध्ये लाजाळूचं असंच निरीक्षण मांडलं होतं: अंधारातही ती सकाळी उघडत होती. सकाळ-संध्याकाळ तोच हिरवा टॉर्च क्षणभर मारून कोन टिपा. दोन दिवसांपलीकडे ताणू नका, हेलकावा उथळ होत जातो नि पानं पिवळी पडू लागतात. आणि कपाटाच्या फटी आधी जाड कापडाने बुजवा. सकाळचा एक कवडसा शिरला तरी प्रयोग पहिल्यापासून.