डायइलेक्ट्रोफोरेसिस: जनरेटरला हात लावण्याआधी बफर मोजा

चिपवर विद्युतक्षेत्राने जिवंत आणि मृत पेशी वेगळ्या करताना जिवंत पेशी इलेक्ट्रोडच्या कडांवर जमायला हव्यात आणि त्या उलट लांब पळताहेत, असं दिसलं की पहिला हात जातो फंक्शन जनरेटरकडे, म्हणजे एसी व्होल्टेज पुरवणाऱ्या यंत्राकडे. व्होल्टेज वाढतं, फ्रिक्वेन्सी फिरवून पाहिली जाते. दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. तो असतो सेंट्रिफ्यूजच्या नळीत, पेलेटवर (तळाशी बसलेल्या पेशींच्या गोळ्यावर) राहून गेलेल्या थेंबभर पीबीएसमध्ये, म्हणजे पेशी ठेवायच्या फॉस्फेटयुक्त खारट द्रावणात.

एसी विद्युतक्षेत्र जागोजागी कमीजास्त असेल, तर त्यात पेशी सरकते. पेशी भोवतालच्या द्रावणापेक्षा जास्त ध्रुवित झाली, म्हणजे क्षेत्रामुळे तिच्यातले धन-ऋण भार जास्त वेगळे झाले, तर तीव्र क्षेत्राकडे, म्हणजे इलेक्ट्रोडच्या कडेकडे ओढली जाते. कमी झाली तर दूर ढकलली जाते. हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये याला डायइलेक्ट्रोफोरेसिस हे नाव दिलं. ना रंग लागतो, ना अँटिबॉडी. कमी फ्रिक्वेन्सीला जिवंत पेशीचं पटल विद्युतरोधक असतं, क्षेत्र आत शिरत नाही, पेशी ढकलली जाते. फ्रिक्वेन्सी वाढवली की क्षेत्र पटल ओलांडून आतल्या क्षारयुक्त पेशीद्रवापर्यंत पोहोचतं आणि पेशी ओढली जाते. मेलेल्या पेशीचं पटल गळकं असतं, आतले आयन बाहेर गेलेले असतात, त्यामुळे तिला ओढ बसत नाही. वेगळं करणं शक्य होतं ते या फरकामुळे.

पण हा फरक दिसायला बाहेरचं द्रावण आतल्यापेक्षा पुष्कळ कमी वाहक हवं. पीबीएसची वाहकता सुमारे १.६ सीमेन्स प्रति मीटर, म्हणजे पेशीद्रवाहूनही जास्त. त्यात कुठलीही फ्रिक्वेन्सी लावा, सस्तन पेशी ओढली जाणार नाही.

म्हणून पेशी ठेवायला साखरेचं कमी वाहक द्रावण, म्हणजे साखरेचा बफर. १०० मिलिलीटरला ८.५ ग्रॅम सुक्रोज आणि ०.३ ग्रॅम डेक्स्ट्रोज. पेशी फुगू किंवा आक्रसू नयेत इतका ऑस्मोटिक दाब यातून मिळतो. मीटर बुडवून ठेवा आणि थेंबाथेंबाने पीबीएस घालत वाहकता १० मिलिसीमेन्स प्रति मीटरवर आणा. इथे एककाचा घोळ हमखास होतो. प्रयोगशाळेतले मीटर बहुधा मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर दाखवतात, त्यावर हा आकडा १०० दिसला पाहिजे. ‘१० मिलिसीमेन्स’ एवढंच लक्षात ठेवून प्रति सेंटिमीटरवर थांबलात, तर बफर शंभर पट वाहक झाला.

आता धुणं. पेलेटवर ५० मायक्रोलीटर पीबीएस राहिलं आणि वर १ मिलिलीटरपर्यंत बफर घातला, तर नुसत्या त्या उरलेल्या थेंबाने वाहकता ८० मिलिसीमेन्स प्रति मीटरने वाढते. १२ मायक्रोमीटर व्यासाची पेशी १० मिलिसीमेन्सला साधारण ३० किलोहर्ट्झपाशी दिशा बदलते, म्हणजे ढकलली जाण्याऐवजी ओढली जाऊ लागते. ९० ला तो बिंदू २७० किलोहर्ट्झच्या आसपास जातो. तुम्ही १०० किलोहर्ट्झवर बसून वाट पाहत राहता. दुसऱ्यांदा धुतलं की तीच भर ४ वर येते, तिसऱ्यांदा नगण्य होते. तीन वेळा धुवा; सस्तन पेशींना सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट), ५ मिनिटं पुरतात. शेवटी बफर नव्हे, पेशी मिसळलेला नमुनाच मोजा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. पेशींतून पोटॅशियम झिरपत राहतं, आकडा हळूहळू चढतो.

वाहकतेचा दुसरा फटका तापमानाला. २० व्होल्ट पीक-टू-पीक (लहरीच्या तळापासून शिखरापर्यंत) लावले, तर साखरेच्या बफरमध्ये तापमान अंदाजे ०.१ अंशाने वाढतं, पीबीएसमध्ये १६ अंशांनी. त्या उष्णतेने द्रावणात प्रवाह उठतात आणि पेशी त्यांच्याबरोबर वाहतात. बघणाऱ्याला ती विद्युतबलाची हालचाल वाटते.

जिवाणूंचं गणित जास्त अवघड. बल त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात बदलतं, द्रवाचा विरोध नुसत्या त्रिज्येच्या, म्हणून ०.५ मायक्रोमीटर त्रिज्येचा जिवाणू ६ मायक्रोमीटरच्या पेशीच्या १४४ पट हळू सरकतो. चिपमधून द्रावण ढकलणाऱ्या पंपाचा वेग त्या मानाने उतरवायलाच हवा. शिवाय जिवाणूची पेशीभित्ती स्वतः वाहक असते, त्यामुळे कमी फ्रिक्वेन्सीलाही तो ओढला जाऊ शकतो. जिवंत-मृत हा भेद इथे यीस्टइतका स्वच्छ मिळेल असं धरून चालू नका. उष्णतेने मारलेला नमुना आणि ताजा नमुना आधी वेगवेगळे चालवा, प्रोपिडियम आयोडाइड या फक्त मृत पेशींना रंगवणाऱ्या रंगाने मृत पेशी ओळखा, मगच मिश्रणाला हात घाला.

इलेक्ट्रोडची रुंदी आणि त्यांच्यातलं अंतर दोन्ही २५ मायक्रोमीटर असतील, तर दर २५ मायक्रोमीटर उंचीला बल सुमारे २३ पट घटतं. १०० मायक्रोमीटर उंच चॅनेलमध्ये (चिपमधल्या द्रावण वाहायच्या नळीत) वरून जाणाऱ्या पेशींना खालचे इलेक्ट्रोड जाणवतही नाहीत. चॅनेल बुटकं ठेवा, किंवा प्रवाह थांबवून पेशी आधी तळाशी बसू द्या.

एवढं सगळं नीट असेल, तरच जनरेटरकडे वळा. तो ५० ओहमच्या भारासाठी आकडा दाखवत असेल, तर चिपवर प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट व्होल्टेज पडतं. चिपच्या पायांवर ऑसिलोस्कोपचा प्रोब लावा आणि तिथे दिसेल तो आकडा वहीत लिहा.