चाचणी लवकर उरकावी, पण पायरी चुकवू नये

आज जळगावात दिवसभर मेथाकोलीन चाचण्या, म्हणजे श्वासनळ्या आकसवणारं औषध वाढत्या मात्रेत हुंगायला देऊन दमा आहे का ते पाहायचं. कापसाच्या जिनिंगमध्ये खोकला, घरी असताना स्पायरोमेट्री (फुंकून श्वास मोजायची तपासणी) नॉर्मल, असे पेशंट जास्त. चोपडा-रावेरहून एसटीने आलेल्यांना परतीची गाडी गाठायची असते, म्हणून वेळ वाचवायलाच हवा.

तो वाचतो मात्रेत. दरवेळी दुप्पट न करता चौपट करायची: मिलिलिटरला ०.०६२५, ०.२५, १, ४, १६ मिलिग्रॅम. नऊऐवजी पाचच पायऱ्या. प्रत्येक मात्रेनंतर ३० आणि ९० सेकंदांनी फुंकर. मात्र एफईव्ही-१ (जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) पाच टक्के जरी घसरला, तरी पुढची मात्रा दुप्पटच. तिथे चौपट दिली की श्वास एकदम कोंडतो. २० टक्के घसरण झाली की थांबायचं, श्वासनळ्या मोकळ्या करणारं सॅल्ब्युटामॉल द्यायचं, दहा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. आकडा पूर्ववत झाल्याशिवाय कुणालाही स्टँडवर सोडू नका, गाडी चुकली तरी चालेल!

औषध घेताना बरेच जण छाती भरून ओढतात. त्याने नळ्या ताणून मोकळ्या होतात आणि सौम्य दमा निसटतो. ‘काका, नेहमीसारखा संथ श्वास घ्या’ हे दरवेळी सांगावंच लागतं.

सुरुवातीचा एफईव्ही-१ अपेक्षितच्या ६० टक्क्यांखाली किंवा दीड लिटरहून कमी असेल, तर ही चाचणी करूच नये. चाचणीआधी सॅल्ब्युटामॉलचा पंप सहा तास, फॉर्मोटेरॉलचा (त्याच कामाचं, पण जास्त वेळ टिकणारं औषध) ३६ तास बंद हवा. हे अपॉइंटमेंटच्या फोनवरच सांगा.